परतीच्या बसआधी

(दृश्य : तालुक्याचं बसस्थानक, सकाळ)

चंद्रपूर जिल्ह्याचा धानपट्टा. साडेसातची बस आठला येते, हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजचं वेळापत्रक तेवढं अनभिज्ञ होतं. खेड्यावरच्या पोरींची पहिल्या तासाला रोज गैरहजेरी लागायची. आता पहिला तास सव्वाआठला.

(दृश्य : कार्यालयाची खिडकी, मग फळा)

एसटीच्या पाससाठी बोनाफाईड हवं, म्हणजे मुलगी याच कॉलेजात शिकते असा दाखला. अर्ज खिडकीवर, तिथून लेखा विभागात, मग प्रवेश रजिस्टरात नाव शोधायचं, मोठ्या बाबूंची सही, प्राचार्यांची सही, शेवटी जावक क्रमांक. साहेब मीटिंगला गेले की ‘उद्या या’. उद्या म्हणजे पुन्हा तिकीट, आणि रोवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी.

प्राध्यापक आणि बाबूंनी मिळून अर्जाचा हा प्रवास खडूनं मांडला. तो हाच फळा. काट मारलेले बाण पाहा. एकच नोंद पुन्हापुन्हा तपासण्यासाठीच ते होते. आता प्रवेशावेळी नोंद एकदाच संगणकात होते आणि फी, परीक्षा अर्ज तिच्यावरूनच भरतात. बोनाफाईड त्याच दिवशी, परतीच्या बसआधी. जावक रजिस्टर मात्र सोडायला बाबू तयार नाहीत. वीज गेली की त्यांचंच खरं ठरतं म्हणा.

(दृश्य : तलावाची पाळ, टेप धरलेल्या विद्यार्थिनी, सोबत सर)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. त्यातला क्षेत्र प्रकल्प दोन क्रेडिटचा, म्हणजे ६० तास. पुष्कळ ठिकाणी ते झेरॉक्सच्या दुकानातच भरतात. इथं भूगोलाच्या वर्गानं मामा तलाव घेतला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांचे तलाव. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तसाच राहिला.

शनिवारचे तास एकत्र बांधले, म्हणून पोरी इथं दिवसभर थांबू शकतात. पाळीची लांबी, सांडव्याची रुंदी, काठी खुपसून गाळाची खोली.

“आबाजी, पाणी कुठल्या बांधीपर्यंत जाते?”

“पयले त्या मोहापावत जाये.”

नकाशावर मोहाचं झाड येतं.

(दृश्य : नकाशा, मग वर्ग)

कार्यालयातल्या एका कंत्राटी मुलाचं काम या बदलात गेलं. प्राध्यापकांची रिकामी पदं रिकामीच आहेत. तलावावर दिसले ते सर तासिका तत्त्वावरचे, घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणारे. पाळीवरचे तास बिलाच्या कोणत्या रकान्यात दाखवायचे, हा विषय पुढच्या बैठकीत आहे.