कोणाची जमीन, कोणाची सही : लुइझियानाची खरेदी, 1803

पडद्यावरचा हा नकाशा 1803 सालच्या आरंभीचा आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश अमेरिकी संघराज्याचा आहे. नदीपलीकडे रॉकी पर्वतापर्यंत पसरलेला सुमारे 21 लाख चौरस किलोमीटरचा मुलूख लुइझियाना या नावाने ओळखला जात असे, आणि तो कागदोपत्री आधी फ्रान्सचा, नंतर स्पेनचा व 1800 सालच्या सान इल्देफोन्सोच्या गुप्त करारानंतर पुन्हा फ्रान्सचा झाला होता. वर्ष सरता सरता तो अमेरिकेच्या नावावर चढला. किंमत ठरली दीड कोटी डॉलर, म्हणजे एकरी जेमतेम तीन सेंट. त्यामुळे ही कथा बहुधा स्वस्त सौद्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु सातबारा पाहिल्याखेरीज जमिनीला हात न लावणाऱ्या माणसाने या व्यवहाराचे कागद चाळले, तर त्याच्या मनात किमतीच्या आधी दुसराच प्रश्न येईल : सह्या करणाऱ्यांपैकी नेमका अधिकार कोणाला होता?

अमेरिकेला एवढा मुलूख मुळात नकोच होता. तिला हवे होते एक बंदर. ॲपलेशियन पर्वत ओलांडून पश्चिमेला गेलेल्या शेतकऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. एकट्या केंटकीची लोकसंख्या 1790 मध्ये सुमारे 73 हजार होती, ती दहा वर्षांत 2 लाख 20 हजारांवर गेली. या शेतकऱ्यांचे पीठ, तंबाखू, खारवलेले डुकराचे मांस आणि व्हिस्कीची पिंपे डोंगरावरून पूर्वेकडे नेणे परवडत नसे. सपाट तळाच्या होड्यांत माल भरायचा, मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर नदीच्या मुखाजवळचे न्यू ऑर्लिन्स बंदर गाठायचे, तेथे तो धक्क्यावर उतरवून समुद्री जहाजांत चढवायचा, आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवत परतणे अशक्यप्राय असल्यामुळे होडीही लाकूड म्हणून विकून टाकायची, असा हा व्यापार होता. 1795 च्या करारान्वये स्पेनने तेथे माल उतरवून ठेवण्याची सवलत अमेरिकनांना दिली होती. मुलूख कागदोपत्री फ्रान्सचा झाला, तरी कारभार अजून स्पेनच्याच हाती होता; ऑक्टोबर 1802 मध्ये तेथील स्पॅनिश अधिकाऱ्याने ती सवलत अचानक काढून घेतली आणि पश्चिमेत युद्धाची भाषा सुरू झाली.

राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांना धास्ती मात्र दुबळ्या स्पेनची नव्हती, नेपोलियनची होती. पॅरिसमधील आपले राजदूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांना एप्रिल 1802 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, पृथ्वीवर असे एकच ठिकाण आहे की ज्याचा धनी तो आमचा स्वाभाविक शत्रू, आणि ते ठिकाण म्हणजे न्यू ऑर्लिन्स. फ्रान्सचे चाहते म्हणून आयुष्यभर ओळखल्या गेलेल्या माणसाने हे लिहावे, यावरून त्या बंदराचे मोल कळते.

नेपोलियनचा बेत उधळला तो कॅरिबियन समुद्रात. साखरेच्या मळ्यांनी गबर झालेली सँ-दोमिंग ही वसाहत, म्हणजे आजचे हैती, 1791 पासून गुलामांच्या उठावाने पेटलेली होती. ती पुन्हा ताब्यात घ्यायची आणि तिला अन्नधान्य व लाकूड लुइझियानातून पुरवायचे, असा त्याचा आराखडा होता. त्यासाठी त्याने आपला मेहुणा जनरल लक्लेर याला मोठ्या फौजेनिशी पाठवले. लक्लेरने उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याला कैद करून फ्रान्सला रवाना केले खरे, पण कालच्या गुलामांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. त्यांच्या लढ्याने आणि पीतज्वराने फौजेची दाणादाण उडाली व नोव्हेंबर 1802 मध्ये खुद्द लक्लेरही त्या तापाने मेला. मळेच हातचे गेल्यावर त्यांना पुरवठा करणारा मुलूख राखून काय करायचे? अमेरिकेच्या या विस्ताराचे श्रेय ज्यांना द्यायला हवे, त्यांत हैतीच्या त्या बंडखोरांचे नाव फार वर आहे. जेफरसन यांनी मात्र त्यांच्या स्वतंत्र राष्ट्राला कधीच मान्यता दिली नाही.

एप्रिल 1803. ट्विलरीच्या राजवाड्यात नेपोलियन स्नानाच्या टबात बसलेला असताना त्याचे दोन भाऊ, जोसेफ आणि ल्युसियन, तेथे आले. ल्युसियनने पुढे आठवणींत लिहून ठेवलेला हा प्रसंग आहे. प्रतिनिधिगृहांच्या संमतीखेरीज राष्ट्राचा प्रदेश विकता येणार नाही, असे भावांचे म्हणणे होते. कोणाची संमती न घेता मी तो विकणार, असे नेपोलियनचे. जोसेफने उघड विरोधाची धमकी देताच नेपोलियन टबातून अर्धवट उठला आणि असा आदळून बसला की सुगंधी पाणी उसळून जोसेफ नखशिखान्त भिजला. वाद तेथेच निघाला निकालात. त्यातही लुइझियाना त्रयस्थ देशाला देणार नाही, अशी लेखी हमी फ्रान्सने स्पेनला दिलेली होती, आणि तिचा कारभार त्या दिवशीही स्पॅनिश अधिकाऱ्यांच्याच हातात होता.

11 एप्रिलला परराष्ट्रमंत्री तालेराँ यांनी लिव्हिंग्स्टन यांना सहज विचारल्यासारखे विचारले : सगळी लुइझियाना घ्याल का, आणि काय द्याल? लिव्हिंग्स्टन कानाने अधू होते, परंतु हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी विशेष दूत जेम्स मन्रो पॅरिसला पोहोचले. दोघांना अधिकार होता तो न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडाच्या प्रदेशाची बोलणी करण्याचा. वॉशिंग्टनला विचारून उत्तर यायला काही महिने लागले असते; त्यांनी विचारले नाही. अर्थखात्याचे मंत्री बार्बे-मार्ब्वा यांच्याशी घासाघीस होऊन 30 एप्रिलच्या तारखेचा करार झाला. 6 कोटी फ्रँक फ्रान्सला द्यायचे आणि फ्रान्सकडे अडकलेली अमेरिकी नागरिकांची सुमारे 2 कोटी फ्रँकची येणी अमेरिकेने स्वतः भागवायची.

पैसा उभा केला लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी, तोही मे महिन्यात ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटल्यानंतर. म्हणजे नेपोलियनला रसद मिळाली ती शत्रूच्याच पेढीमार्फत. बेअरिंग पेढीचे संस्थापक सर फ्रान्सिस बेअरिंग हे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षी 23 सप्टेंबरला कंपनीची फौज असईच्या रणात शिंदे-भोसल्यांशी झुंजत होती, एवढे मराठी प्रेक्षकांसाठी जाता जाता.

खरा पेच पडला तो जेफरसन यांना. राज्यघटनेत लिहिले आहे तेवढेच केंद्र सरकारने करावे, या भूमिकेवर त्यांचे सारे राजकारण उभे होते, आणि परकी प्रदेश विकत घेण्याविषयी घटनेत अवाक्षर नव्हते. त्यांनी घटनादुरुस्तीचे मसुदे तयार केले. पाल्याच्या हितासाठी शेजारची जमीन घेऊन टाकणाऱ्या पालकाची उपमा त्यांनी एका पत्रात स्वतःला दिली. एवढ्यात नेपोलियनचे मन पालटण्याची चिन्हे असल्याचे पत्र पॅरिसहून आले, आणि 18 ऑगस्टला त्यांनी सिनेटर ब्रेकिनरिज यांना कळवले की, या अडचणीची वाच्यता नको, जे करायचे ते गुपचूप करावे. दुरुस्ती बारगळली. 20 ऑक्टोबरला सिनेटने 24 विरुद्ध 7 मतांनी करार मंजूर केला. गंमत अशी की, एरवी केंद्राचे हात बळकट करू पाहणारा फेडरलिस्ट पक्ष आता घटनेचा शब्दन् शब्द दाखवू लागला. पश्चिमेत नवी राज्ये झाली की न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडील जुन्या राज्यांचे, वजन संपेल, हे त्याच्या नेत्यांनी ओळखले होते, आणि टिमोथी पिकरिंग यांच्यासारख्यांनी तर संघराज्यातून फुटण्याची खलबतेही केली.

स्पेनने न्यू ऑर्लिन्स फ्रान्सच्या हवाली केले 30 नोव्हेंबरला आणि फ्रान्सने ते अमेरिकेला दिले 20 डिसेंबरला. फ्रेंच निशाण तेथे वीसच दिवस फडकले. नदीपलीकडे मात्र निशाण बदलल्याने काहीच बदलले नव्हते, कारण तो मुलूख ओसेज, पॉनी, लाकोटा आणि तेथील मूळ रहिवाशांच्या इतर अनेक राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. ओसेजांचे प्रतिनिधी 1804 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला आले, तेव्हा त्यांच्या प्रदेशात आपण अत्यंत दुर्बळ आहोत, अशी कबुली जेफरसन यांनी सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात दिली. दीड कोटी डॉलरमध्ये अमेरिकेला मिळाली होती ती इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवून या राष्ट्रांकडून जमीन काढून घेण्याची मोकळीक. ती कशी काढावी हे जेफरसन यांनी फेब्रुवारी 1803 मध्येच इंडियाना प्रदेशाचे गव्हर्नर हॅरिसन यांना लिहिले होते : सरकारी वखारींतून त्यांच्यातील वजनदार माणसांना उधारी करू द्यावी, कर्ज झेपेनासे झाले की ते जमीन सोडायला तयार होतील. 1808 च्या करारात ओसेजांनी आजच्या मिसूरी राज्याचा बराचसा भाग आणि आर्कन्साचा उत्तर भाग सोडला.

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंचभाषक मळेवाल्यांनाही कोणी विचारले नव्हते, पण त्यांना अर्ज लिहिता येत होता. करारातील तिसऱ्या कलमाने त्यांना नागरिकत्वाचे सर्व हक्क लवकरात लवकर देण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात 1804 च्या कायद्याने त्यांच्यावर राष्ट्राध्यक्षाने नेमलेला गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्षानेच नेमलेले 13 जणांचे मंडळ बसवले, आणि परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी घातली. त्या वर्षाअखेरीस तीन प्रतिनिधी गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनला गेले. अमेरिकी क्रांतीच्या तत्त्वांची साक्ष काढून त्यांनी दोन गोष्टी एकाच अर्जात मागितल्या : स्वराज्य, आणि आफ्रिकेतून गुलाम आणण्याची मुभा. तिघांपैकी एक होते ऊसमळ्याचे मालक जाँ-नोएल देत्रेआँ.

जानेवारी 1811 मध्ये नदीकाठच्या मळ्यांतील शेकडो गुलाम चार्ल्स देलोंद यांच्या पुढारपणाखाली न्यू ऑर्लिन्सच्या रोखाने निघाले. दोन दिवसांत मळेवाल्यांच्या तुकड्यांनी त्यांना मोडून काढले. पकडलेल्यांचा खटला 13 जानेवारीपासून देत्रेआँ यांच्याच मळ्यावर चालला, न्यायासनावर मळेवाले होते आणि त्यांत स्वतः देत्रेआँही होते. मारल्या गेलेल्यांची शिरे नदीच्या बांधावर खांबांना टोचून ठेवण्यात आली. पुढल्या वर्षी, 30 एप्रिल 1812 रोजी, कराराला बरोबर नऊ वर्षे होत असताना लुइझियाना राज्य म्हणून संघात दाखल झाले, आणि तेथून सिनेटवर निवडून गेलेल्या पहिल्या काही जणांत देत्रेआँ यांचे नाव होते. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला.