साध्या गाडीनं कारवार

[दृश्य : पहाटेचं बेळगाव बसस्थानक. पाट्या कानडीत, फलाटावरचं बोलणं मराठीत.]

बेळगावच्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी गोवा आठवतो. नाहीतर आंबोली उतरून वेंगुर्ला. कारवारचा नंबर त्यानंतर लागतो, आणि याचं मला नेहमी वाईट वाटतं. आज आपण तिकडंच निघालोय. भाड्याची गाडी नाही, आरामगाडी नाही. महामंडळाची साधी गाडी.

थेट गाडी मिळाली तर बसायचं. नाही मिळाली तर टप्प्याटप्प्यानं जायचं. खानापूर, रामनगर, जोयडा, मग घाट उतरून कारवार. वेळ जातो, पण वाटेतली गावं भेटतात.

[दृश्य : कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन, अगदी जवळून.]

"एल्लिगे?" कंडक्टर कानडीत विचारतो. कुठं जायचं?

"कारवारला. लेकीकडं," खानापूरला चढलेली मावशी मराठीत सांगते. दोघांनाही एकमेकांचं कळलेलं असतं. मावशीच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं आधार कार्ड निघतं. कंडक्टर पत्ता बघतो, बटण दाबतो, आणि बोटभर कागद सरसरत बाहेर येतो. रकमेच्या जागी शून्य.

ही शक्ती योजना. 11 जून 2023 ला सुरू झाली. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या हद्दीत साध्या गाडीतून फुकट प्रवास. राजहंस, ऐरावत, स्लीपर या महामंडळाच्या आरामगाड्यांना ती लागू नाही. फुकट असलं तरी तिकीट घ्यायचंच, कारण या शून्याच्या तिकिटांचा हिशेब धरूनच सरकार महामंडळाला पैसे देतं. पुरुषांना मात्र पूर्ण भाडं, आणि 5 जानेवारी 2025 पासून तेही 15 टक्क्यांनी वाढलंय. तरीसुद्धा भाड्याच्या गाडीच्या पैशात एक घर चार वेळा समुद्र बघून येईल.

या योजनेवर पारावर खूप वाद होतात. मी एवढंच सांगेन की मावशी आधी वर्षातून एकदा लेकीकडं जायची. आता लेक आजारी पडली की दुसऱ्या दिवशी ती गाडीत असते.

[दृश्य : खानापूरच्या पुढचं रान. लोंढ्याचं रेल्वे फाटक.]

खानापूर सोडलं की शेतं मागं पडतात, रान दाट होतं. रामनगर येतं. दिसायला साधं बाजाराचं गाव, पण इथल्या कित्येक घरांचं मूळ गाव पाण्याखाली आहे. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा बुडालं, आणि तिथली माणसं इथं येऊन वसली. तालुक्याचं नावही सुपा होतं, आता ते जोयडा. म्हातारी माणसं मात्र अजून 'सुप्याचा' म्हणूनच ओळख सांगतात.

जोयड्याला गाडी थांबते. चहा पिऊन घ्या, पुढं फारसं काही नाही. बाजाराचा दिवस असेल तर कुणबी बायका कंदमुळं घेऊन बसलेल्या दिसतील. मातीनं माखलेले, हाताच्या पंजाएवढे कंद. कसा शिजवायचा ते विचारा, त्या हौसेनं सांगतात.

[दृश्य : अणशी घाट. खिडकीतून.]

आणि मग अणशी. हे सगळं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. ड्रायव्हर गियर खाली टाकतो, इंजिनाचा आवाज बदलतो, गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. वळणावर झाडांची फांदी खिडकीला घासून जाते. वर असताना अंगाला गार वारा लागत होता, तो दहा-पंधरा वळणांत दमट होतो. मानेवर घाम येतो. समुद्र अजून दिसलेला नसतो, पण अंगाला तो कळलेला असतो.

खाली कद्रा. इथंही काळीवर धरण, जवळच कैगाचा अणुवीज प्रकल्प. इथून पुढं नदी सोबतीला येते आणि गाडीत चढणाऱ्या माणसांची बोली बदलते. "खंय वता?" असं मावशीला शेजारीण विचारते. कानडी, मराठी, कोकणी. एका गाडीत, एका दिवसात, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

[दृश्य : कारवार. बसस्थानकातून किनाऱ्याकडं चालत.]

कारवारला उतरलात की रिक्षा करू नका. किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे. त्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव दिलंय. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं न्यायाधीश होते, आणि ऐन विशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडं येऊन राहिले होते. हा उत्तर कन्नड जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. इथल्या जुन्या घरांत मराठी कशी, याचं एक उत्तर त्यात आहे.

जेवायला साधी खानावळ बघा. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याची आमटी, सोलकढी. बास.

दुपारी माजाळीची गाडी धरायची. वाटेत काळीचा पूल लागतो. शेजारचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्र उलटल्यावर कोसळला, एक ट्रक नदीत पडला, ड्रायव्हर वाचला. पुलावरून जाताना गाडीतली माणसं आजही त्या बाजूला मान वळवतात. पलीकडं सदाशिवगडाची टेकडी, डावीकडं नदी समुद्राला मिळते ती जागा.

[दृश्य : तिळमाती. तळहातावर वाळू.]

माजाळीला उतरून टेकडी चढायची आणि पलीकडं उतरायचं. ही तिळमाती. वाळू मूठभर घ्या. पांढरी नाही, पिवळी नाही. काळे, गोलसर, चकचकीत दाणे, थेट संक्रांतीच्या डब्यातल्या तिळासारखे. ओल्या तळव्याला चिकटले की झटकूनही जात नाहीत. किनारा छोटा आहे, टपरी नाही, सावली नाही. पाण्याची बाटली वरूनच आणा आणि रिकामी परत न्या. पुढं गोव्याची हद्द. गोव्याच्या गाडीत शून्याचं तिकीट चालत नाही.

हातात आणखी दोन दिवस असतील तर अंकोला आणि गोकर्ण. उन्हाळ्यात अंकोल्याला उतरा आणि करी इशाड आंबा मागा. गोकर्णाच्या वाटेवर सानिकट्ट्याची मिठागरं लागतात, ती चुकवू नका. पावसाळ्यात मात्र या बाजूला हट्टानं येऊ नका. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर आला, माणसं गेली. अणशीतही दरडी येतात. दिवाळी झाली की या.

[दृश्य : कारवार बसस्थानक. परतीची गाडी.]

परतीच्या गाडीत मावशी पुन्हा भेटते. पायाशी पिशवी, वर्तमानपत्रात घट्ट बांधलेले सुके बांगडे. गाडीभर वास सुटलाय, कुणीच तक्रार करत नाही. घाट चढताना ती खिडकी लावून घेते, पदर डोक्यावरून ओढते, आणि शून्याचं तिकीट घडी करून आधार कार्डाच्या पाकिटात सारते.