पाटाच्या काठाकाठानं

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांबरोबर मी कुठं ना कुठं चाललेलो आहे, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. सह्याद्रीत अनोळखी डोंगरावर गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, वाटेत पाणी कुठं आहे? आज ज्या भागाबद्दल बोलणार आहे तिथं मला हा प्रश्न उलटा करावा लागला. तिथं पाणी कुठून कुठं जातं हे कळलं, तेव्हा वाट कळली.

भाग आहे अल्पुहारा. स्पेनच्या दक्षिणेला ग्रानादा शहर, त्याच्या पाठीशी सिएरा नेवादाची रांग. मुलासेन हे तिचं सर्वांत उंच शिखर, ३४७९ मीटर; स्पेन-पोर्तुगालच्या सगळ्या मुख्य भूमीवर याहून उंच काही नाही. या रांगेचा जो उतार दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राकडे तोंड करून बसलाय तो अल्पुहारा. हवा स्वच्छ असेल तर वरून समुद्रापलीकडची आफ्रिका दिसते.

उतारावर पांढऱ्या चुन्यानं रंगवलेली छोटी गावं. पोकेइरा नदीच्या घळीत एकावर एक तीन आहेत: पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा. खालच्या गावातून वर पाहिलं तर पायऱ्यांवर मांडल्यासारखी दिसतात. घरांची छपरं सपाट. चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यावर दगडी फरशा आणि वर ‘लाउना’ नावाची करडी चिकणमाती, जी भिजली की पाणी आत सोडत नाही. माळवदाच्या घरात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तिथं फारसं परकं वाटणार नाही. एका घराची गच्ची वरच्या घराचं अंगण, आणि मधल्या गल्लीवरही छप्पर घेतलेलं, त्याला ‘तिनाओ’ म्हणतात. उन्हाचं चालून आल्यावर तिनाओखाली उभं राहिलं की निघवत नाही.

आता मूळ गोष्ट. तिथं उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच. शेतीला पाणी लागतं नेमकं तेव्हा आभाळ कोरडं. पाणी असतं ते वर, बर्फाच्या रूपात, आणि ते वितळून वसंतात एकदम वाहून जायला बघतं. मग मुसलमानी राजवटीच्या काळात तिथल्या शेतकऱ्यांनी उतारावर आडवे पाट काढले. त्यांना म्हणतात असेकिया. अरबीतल्या ‘साकिया’वरून आलेला शब्द. गझलेतला प्याला भरणारा साकीही याच घराण्यातला, फक्त त्यानं धंदा बदलला.

हे पाट डोंगराच्या अंगाला धरून, अगदी कणाकणानं उतरत, मैलोनमैल जातात. आणि पाट म्हटला की त्याला पाटकरी लागतो. पालापाचोळा काढणारा, दरड आली तर दगड हलवणारा, पाणी घ्यायची कुणाची पाळी आहे त्याप्रमाणे दारं मोडून पाणी वळवणारा. त्याला रोज पाटाच्या कडेनं चालावं लागतं. त्याच्या चालण्यानं पडलेली जी पायवाट, तीच आज तुमच्या-आमच्या नकाशावर तुटक रेषेनं दाखवलेली असते. म्हणून पाटाकडची वाट जवळजवळ सपाट. डावीकडे गुडघाभर पाणी, उजवीकडे शेकडो मीटरची घळ, आणि आपण पर्वतीला फेरफटका मारावा तसे निवांत. ट्रेकर माणसाला सुरुवातीला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. चढ कुठाय?

चढ आहे. तो खेचरांच्या वाटांवर. गावातून शेतात, शेतातून नदीवर, नदी ओलांडून पलीकडच्या गावात, हा सगळा माल शतकानुशतकं खेचरांच्या पाठीवरून गेला. ज्या ठिकाणी कडा फार उभा, तिथं दगड लावून नागमोडी वाट बांधून काढलेली असते. तिला ‘एस्कारिउएला’ म्हणतात. फोन्दालेस गावाखालून त्रेवेलेस नदीच्या पुलाकडे उतरणारी अशीच एक आहे. उतरताना गुडघे बोलतात, चढताना तुम्ही बोलू शकत नाही. वाटेत वाऱ्याच्या तोंडाला दगडी फरशीचं गोल खळं लागतं, आता त्यात गवत माजलेलं. खळं कुठं आहे त्यावरून वारा कुठून येतो ते कळतं, हे आपल्याकडे म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही.

ही पाटांची विद्या एकदा बुडायला आली होती. १४९२ मध्ये ग्रानादाचं मुसलमानी राज्य पडलं. उरलेल्या मुसलमानांना पुढच्या काही वर्षांत सक्तीनं ख्रिस्ती केलं गेलं. त्यांना मोरिस्को म्हणत. १५६७ मध्ये त्यांची भाषा, वेश, हमामसुद्धा बंद करणारा हुकूम निघाला, आणि १५६८ च्या नाताळात अल्पुहारा पेटली. बंड मोडून काढायला १५७१ उजाडलं. मोरिस्कोंना हुसकून स्पेनच्या इतर भागांत पांगवलं आणि रिकाम्या गावांत उत्तरेकडची, गालिसिया, लेओन, कास्तिया अशा भागांतली माणसं आणून बसवली. आता विचार करा. गालिसिया म्हणजे पावसाचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी म्हणजे काय हे कशाला ठाऊक असणार? असं सांगतात की प्रत्येक गावात मोरिस्कोंची दोन घरं मुद्दाम ठेवून घेतली, नव्या लोकांना पाट शिकवायला. ज्यांची भाषा बेकायदा ठरवली त्यांच्याच शब्दांत पुढची पिढी पाण्याबद्दल बोलायला शिकली. पाण्याचं टाकं ‘आल्खिबे’, तळं ‘अल्बेर्का’, नदीतला बंधारा ‘असूद’. सगळे अरबी.

यापुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, तेव्हा थोडा रेंगाळणार आहे. सगळेच पाट शेतात जात नाहीत. उंचावर, दोन हजार मीटरच्या आसपास, काही पाट असे आहेत जे बर्फ वितळायला लागलं की नदीचं पाणी उचलतात, उतारावर आडवं नेतात, आणि एका ठराविक जागी चक्क सोडून देतात. कुरणात, दगडांच्या भेगांत, जिथं जमीन पाणी पिते हे माहीत आहे तिथं. याला ‘कारेओ’ म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पाट फुटला, कुणाला तरी सांगायला हवं. मलाही वाटलं होतं. मी खाली येऊन गावातल्या एका आजोबांना हातवारे करून सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं कुदळ खाली ठेवलं, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि गावाच्या पाणवठ्याकडे बोट दाखवलं. मला त्या दिवशी काही समजलं नाही.

होतं ते असं. वरचा खडक झिजून भुसभुशीत झालेला आहे. त्या थरात मुरलेलं पाणी सावकाश, आठवडे किंवा महिने घेत खाली सरकतं आणि गावाजवळच्या झऱ्यांतून बाहेर पडतं, अगदी उन्हाळ्यात, जेव्हा नदी रोडावलेली असते. धरण नाही, पंप नाही. डोंगरच टाकी. नदीतून सरळ गेलं असतं तर जे पाणी काही तासांत खाली पोचून गेलं असतं, त्याला हे लोक मुद्दाम लांबच्या रस्त्यानं पाठवतात.

आणि साध्या, शेताकडे जाणाऱ्या पाटांचंही तसंच. ते मातीचे, त्यामुळे झिरपतात. आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला वहनव्यय, म्हणजे वाटेत वाया गेलेलं पाणी, म्हणतील आणि अस्तरीकरणाचा प्रस्ताव मांडतील. तिथंही मांडला गेलाच. काही पाटांत सिमेंट ओतलं, काहींच्या जागी नळ टाकले. शेतात पाणी जास्त पोचलं हे खरं. पण पाटाखालच्या पट्ट्यातली चेस्टनटची झाडं कुणाच्या पाण्यावर उभी होती? गळतीच्या. वाटेवरची सावली हीसुद्धा गळतीच होती. मी काही शेतकऱ्याला शहाणपण शिकवणार नाही. उन्हातान्हात दर वर्षी पाट उपसणं सोपं काम नाही आणि गावात तरुण माणसं उरलेली नाहीत. पण नळ टाकला की पाटकऱ्याची फेरी संपते, आणि फेरी संपली की दोन-तीन वर्षांत काटेरी झुडपं वाट गिळतात. मी अशा एका वाटेवर शिरलो होतो. नकाशावर होती. पायाखाली काळा नळ होता, अंगाला ओरखडे होते, वाट नव्हती.

आता तुम्हाला हवी असलेली माहिती पटापट देतो. जीआर ७ नावाची लांब पल्ल्याची वाट तारिफापासून अन्दोरापर्यंत जाते आणि या गावांमधून जाते. तिच्या खुणा पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या. छोट्या वाटांच्या पांढऱ्या-पिवळ्या. फुलीची खूण दिसली की तिकडे जायचं नाही. सिएरा नेवादाला पूर्ण वळसा घालणारी सुलाइर नावाची वाटही आहे, साधारण ३०० किलोमीटरची. सुलाइर हे या डोंगराचं जुनं अरबी नाव. मुलासेनला जायचं असेल तर कापिलेइराहून उन्हाळ्यात एक छोटी बस बरीच वर सोडते. त्रेवेलेसहून चालत गेलात तर दिवस मोडतो. त्रेवेलेस साधारण १४७६ मीटरवर आहे आणि कोरड्या थंड हवेत सुकवलेल्या डुकराच्या मांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी दुकानाच्या छताकडे पाहू नये. पोर्तुगोसला लोहाच्या पाण्याचा झरा आहे, आजूबाजूचा खडक भगवा झालेला. चव गंजलेला खिळा चोखल्यासारखी. मी दोन ओंजळी प्यालो, हौस म्हणून.

पाटाच्या कडेनं चालताना एकच पथ्य पाळा: बाहेरच्या बांधावर पाय देऊ नका. तो मातीचा असतो, ढासळला तर खालच्या कुणाची तरी पाळी बुडते.

कधी जायचं? ऑक्टोबरअखेर चेस्टनट पिवळे होतात, तेव्हा फोटो चांगले येतात. मी सांगेन वसंतात जा. पाट सोडण्याआधी ते उपसून साफ करतात. २०१४ साली ग्रानादा विद्यापीठाच्या मंडळींनी कान्यार गावातला बार्खास नावाचा, अनेक वर्षं कोरडा पडलेला पाट गावकरी आणि स्वयंसेवक घेऊन पुन्हा वाहता केला, आणि तेव्हापासून इतर गावांतही अशी कामं निघतात. परका माणूस दिसला तरी फावडं हातात द्यायला ते कमी करत नाहीत. फावडी तिथं असतात. हातमोजे मात्र आपले आपण न्या, काटे फार आहेत.