अलायनर घालून ‘सदतीस’ स्वच्छ कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आत्ता माझ्या तोंडात वर आणि खाली, दोन्ही अलायनर आहेत. अलायनर म्हणजे दात सरळ करायला दातांवर चढवायचे प्लास्टिकचे पारदर्शक साचे, त्यांनाच ट्रे म्हणतात. नऊ नंबरचा सेट, काल रात्रीच बदललाय. बोलताना एखादा ‘स’ घसरला तर मी तो व्हिडिओतून कापणार नाहीये, कारण तो तुम्हाला ऐकू यायला हवा.

मी शाळेत गणित शिकवते. पहिल्यांदा ट्रे घालून वर्गात गेले, नंबरांनी हजेरी सुरू केली आणि सदतीसला जीभ अडकली. ‘थदतीथ’ असं काहीतरी बाहेर पडलं. सत्तेचाळीसला पुन्हा तेच. मुलं काही बोलली नाहीत, पण मला तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली. मधल्या सुट्टीत ट्रे काढले, डबीत ठेवले आणि उरलेले तास तसेच घेतले. पुढचे चार दिवस हेच केलं. पाचव्या दिवशी शाळेतून येऊन ट्रे बसवताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. ट्रे नसताना दात परत मूळ जागेकडे सरकायला बघत होते. आणि एवढं करून ‘स’ मात्र पहिल्या दिवशीइतकाच बोबडा! म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, बोलायचं आहे म्हणून ट्रे काढू नका. अलायनर दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात राहायला हवेत, आणि जिभेलाही वळण लागायचं तर ते ट्रे घालून बोलल्यानेच लागतं.

हे होतं कशामुळे, ते बघू. (जुना ट्रे कॅमेऱ्याजवळ धरून) हा माझा आधीचा, आठ नंबरचा ट्रे. कड बघा. प्लास्टिक अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड आहे. दाताच्या पुढून जातं, खालच्या कडेवरून वळतं आणि मागच्या बाजूने हिरडीपर्यंत येतं. मधला टाळू मात्र पूर्ण मोकळा आहे.

आता तुमची वर्णमाला आठवा. ती तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे. ‘क’ घशापाशी, ‘च’ टाळूला, ‘ट’ जीभ वर वळवून, ‘त’ दातांना, ‘प’ ओठांना. ‘काळे राळे गोरे राळे’ म्हणून बघा. ट्रे असला तरी काही बिघडत नाही, कारण ‘ळ’ला जीभ वर टाळूकडे जाते आणि तिथे प्लास्टिकच नाही. ‘त’, ‘द’, ‘न’सुद्धा लवकर सुधारतात. तिथे जीभ टेकवायची आणि सोडायची, एवढंच काम. टेकायला दात असो की प्लास्टिक, जिभेला चालतं.

‘स’ची गोष्ट वेगळी. ‘स’ म्हणताना जीभ टेकत नाही. टेकता टेकता थांबते, मधे बारीक फट ठेवते आणि त्या फटीतून हवेची धार दातांच्या कडेवर सोडते. ती फट जेमतेम मिलिमीटरभराची. तिच्यात पाऊण मिलिमीटर प्लास्टिक आलं की धार फाकते आणि ‘स’चा ‘थ’ होतो. त्यात नवा ट्रे म्हणजे तोंडाला बाहेरची वस्तू वाटते, लाळ जास्त सुटते, आणि आवाज आणखी भरकटतो.

मराठी बोलणाऱ्यांचं यात एक जास्तीचं काम आहे. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत. ‘चार’मधला टाळूचा आणि ‘पाच’मधला दातांजवळचा. हा दुसरा ‘च’ म्हणजे ‘त’ला चिकटलेला ‘स’च. ‘ज’ आणि ‘झ’चंही तसंच. ‘माझी’ म्हणा, ठीक येतं. ‘माझा’ म्हणा, तिथे जीभ लडबडते. ‘वरची’ बरं, ‘वरचा’ अवघड. चव, चूक, जास्त, झाड हे सगळे याच घरातले. म्हणजे तुमचं सगळं बोलणं बिघडलेलं नसतं. मोजून तीन-चार आवाज बिघडलेले असतात, आणि सराव तेवढ्यांचाच करायचा.

सराव कसा करायचा? आधी लांब ‘ई’ म्हणा. ईऽऽ. जिभेच्या दोन्ही बाजू वरच्या दाढांना लागल्या ना? त्या तशाच लागलेल्या राहू द्या. आता जीभ न हलवता आवाज बंद करा आणि फक्त मधून हवा सोडा. ईऽऽस्स्स. तळहात तोंडासमोर धरा. हाताला एकाच जागी बारीक, गार धार लागली तर ‘स’ जमला. हवा सगळ्या तळहातावर पसरली तर जिभेचं टोक केसभर मागे घ्या. काहींचा ‘स’ टोक खालच्या दातांमागे टेकवून जास्त स्वच्छ येतो. तुम्हाला जो सोपा पडेल तो घ्या. मग ‘त’वरून ‘च’कडे चला: त, त्स, चाक. आणि शेवटी ‘चटईला टाचणी टोचली’. हळूहळू. घाई केलीत तर जीभ जुन्याच सवयीने धावते.

हे रोज दहा मिनिटं, तेही मोठ्याने. पुटपुटून उपयोग नाही. वर्तमानपत्र वाचा, पाठ असेल तर रामरक्षा म्हणा. आमच्या आजोबांना कवळी बसवली तेव्हा ते रोज सकाळी ओट्यावर बसून अख्खं पहिलं पान मोठ्याने वाचायचे. कवळी तर टाळूसुद्धा झाकते, तरी काही आठवड्यांत त्यांचं बोलणं पूर्वीसारखं झालं. आपल्याला एवढंसं प्लास्टिक. बहुतेकांचा ‘स’ काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत जागेवर येतो.

ट्रे नीट बसलाय ना, तेही बघा. दात आणि प्लास्टिक यांच्यामधे फट राहिली तर तिथे लाळ साचते आणि बोलताना चुकचुक ऐकू येते. डॉक्टर चावायला मऊ रबरी तुकडा देतात, तो प्रत्येक दातावर थोडा थोडा वेळ चावा. नवा सेट रात्री झोपताना घाला, शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री. घशाला कोरड पडली की साध्या पाण्याचा घोट घ्या. चहा मात्र ट्रे काढूनच. गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि डागही पडतात. आणि तोंडावर हात धरून बोलू नका. ओठ आवळले की होता तोही ‘स’ जातो.

आणखी एक, मला सगळ्यात धीर देऊन गेलेली गोष्ट. आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो, म्हणून तोंडातला जरासा बदलही आपल्याला फार मोठा वाटतो. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि ऐका. मी तिसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा थक्क झाले. मला वाटत होतं त्याच्या पावपटसुद्धा बोबडं नव्हतं.

तीन आठवडे झाले तरी काहीच फरक नसेल, किंवा कड जिभेला घासत असेल, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. कड ते घासून देतात. लहानपणापासूनच ‘स’ बोबडा असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे.

आता फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, ट्रे तोंडातच असू दे, आणि माझ्याबरोबर म्हणा. या एका पाढ्यात ‘स’ ठासून भरलाय. सावकाश. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस. सात पाचा पस्तीस. इथे ‘च’ दातांजवळचा बरं का, परत म्हणा, सात पाचा पस्तीस...