टायमिंग अडकलं, सर बदलू का?

[दृश्य : पूर्ण वेगात धावणाऱ्या मुलीचं पाऊल, स्लो मोशनमध्ये]

हे पाऊल पडद्यावर चांगलं सहा-सात सेकंद रेंगाळतंय. ट्रॅकवर ते टेकून उचललं जाईपर्यंत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग गेला. कसलेल्या स्प्रिंटरचं पाऊल ऐन वेगात ०.०८ ते ०.१ सेकंद जमिनीवर असतं. जे काय करायचं ते तेवढ्यात.

घोट्याकडे बघा. पाऊल टेकलं, टाच खाली दबली, गुडघा थोडा जास्तच वाकला आणि मग शरीर पुढे सरकलं. या दबण्यात वेळ गेला. आता शेजारच्या लेनमधली मुलगी. हिचा घोटा ताठ राहतो. पाऊल शरीराच्या जवळजवळ खालीच पडतं आणि टणक चेंडू उसळावा तसं वर येतं.

पाय हवेत झपाझप फिरले की वेग येतो, असा आपला समज असतो. पण पाय मागून पुढे आणायला वेगवान धावणारा आणि बेताचा धावणारा जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक जमिनीवर पडतो. किती कमी वेळात किती जोर लावला, त्यावर सगळं ठरतं.

[दृश्य : सरावाची वही, पानं उलटताना]

ही पहिल्या मुलीची वही. सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक स्पर्धेनंतर आकडा खाली उतरत गेलाय. मग तो थांबतो. पुढची कित्येक पानं तेच टायमिंग, सेकंदाचे दोन-चार शतांश इकडे किंवा तिकडे. सराव कमी झालेला नाही, उलट वाढलाय. पानांच्या समासात सरांनी केलेल्या ‘बरोबर’च्या खुणा रोजच्या रोज आहेत.

असा काळ बहुतेक प्रत्येक स्प्रिंटरच्या वाट्याला येतो. आणि तो आला की ट्रॅकच्या कडेला एकच विषय निघतो : सर बदलायचे का? मुलं दबक्या आवाजात विचारतात, पालक जरा मोठ्याने.

[दृश्य : स्टॉपवॉचवरचा अंगठा, मागे पिस्तुलाचा धूर]

टायमिंग खरंच अडकलंय का, ते आधी बघू. हा अंगठा नीट पाहा. पिस्तुलाचा धूर निघाला, डोळ्यांना दिसला आणि मग बटण दाबलं गेलं. तोवर शर्यत सुरू होऊन गेलेली असते. म्हणून १०० मीटरचं हाताने घेतलेलं टायमिंग इलेक्ट्रॉनिक टायमिंगशी ताडताना त्यात ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे. समजा, गेल्या वर्षीचं ११.४ हाताने घेतलेलं आहे आणि यंदाचं ११.५८ इलेक्ट्रॉनिक. वहीत ही घसरण दिसेल, पण प्रत्यक्षात धावपटू पुढे गेलाय.

वाऱ्याचंही तसंच. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपर्यंतचा वारा नियमात बसतो आणि तेवढा वारा १०० मीटरला साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची मदत करतो. या वहीत टायमिंग आहे, तारीख आहे, स्पर्धेचं नाव आहे. वारा मात्र एकाही पानावर नाही.

[दृश्य : ट्रॅकच्या कडेला दर २० मीटरवर तिवई आणि सेन्सर]

यापुढचा भाग आम्ही मुद्दाम सावकाश दाखवतोय, कारण सरावाची दिशा इथे ठरते.

२००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. त्या शर्यतीचे २०-२० मीटरचे तुकडे मोजलेले आहेत : २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६. शेवटचे दोन आकडे पाहा. सगळ्यांत वेगवान माणूसही शेवटच्या २० मीटरला मंदावला. बाकीचे त्याच्याहून जास्त मंदावले, म्हणून तो आणखी पुढे गेल्यासारखा दिसला. १०० मीटर म्हणजे किमान तीन वेगवेगळी कामं आहेत : वेग घेणं, तो कळसाला नेणं आणि मग तो कमीत कमी सांडणं. ज्याला पहिलं काम उत्तम जमतं त्याला तिसरं जमेलच असं नाही. वहीतला एक आकडा ही तिन्ही कामं एकत्र करून टाकतो.

आमच्यासमोर या दोन्ही मुली सेन्सरमधून धावल्या. ४० मीटरपर्यंत पहिली पुढे होती. ६० मीटरला दोघी बरोबरीत आल्या. पुढच्या ४० मीटरमध्ये दुसरी स्पष्ट निघून गेली. सुरुवातीला पाहिलेला तो दबणारा घोटा याच भागातला आहे. आणि पहिली मुलगी आख्खा हंगाम कशावर घाम गाळत होती? स्टार्टवर. ब्लॉक्सची, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांची उंची, त्यांचं अंतर, पहिली तीन पावलं, पुन्हा पहिली तीन पावलं. जे तिला आधीच येत होतं, तेच.

सेन्सर नसले तरी हे करता येतं. दर २० मीटरवर खूण ठेवायची आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करायचं. आकडा तितका अचूक येणार नाही, पण वेळ कुठल्या टप्प्यात जातोय ते दिसतं.

[दृश्य : सरावातली मुलं, कमरेवर हात, धापा]

आता सराव बघा. १०० मीटर दहा वेळा, परत येताना फक्त चालायचं. बघायला छान वाटतं. घाम दिसतो, कष्ट दिसतात, पालक खूश होतात. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर यातलं कुणीही पूर्ण वेगात नाही. खांदे वर चढलेत, गुडघे खाली आलेत, पाऊल जमिनीवर जास्त वेळ राहतंय. दमलेल्या शरीराला आपण रोज याच मंद लयीची सवय लावतो आणि स्पर्धेच्या दिवशी तीच लय बाहेर येते. जुने प्रशिक्षक याला वेगाचा अडथळा म्हणतात. एकाच वेगाने इतके दिवस धावायचं की शरीर त्या वेगापाशीच अडून बसतं.

वेगाचा सराव पूर्ण विश्रांतीवर उभा असतो. वेग घेण्याचं अंतर धरून प्रत्येक १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, असा एक ढोबळ हिशेब ट्रॅकवर चालतो. म्हणजे २०-३० मीटर वेग घेत यायचं, पुढचे ३० मीटर जीव तोडून धावायचं आणि मग पाच-सहा मिनिटं बसायचं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की वेगाचं काम संपलं. टायमिंग घसरू लागलं तर त्याआधीच थांबायचं.

[दृश्य : सावलीत बसलेली मुलं, एक जण स्पाइक्सची (खिळ्यांच्या बुटांची) नाडी सोडतोय]

ही मुलं आळशीपणा करत नाहीयेत, त्यांचा सराव चालू आहे. आमचं ठाम मत आहे की टायमिंग अडकलेल्या धावपटूने आणखी एक फेरी मारण्याआधी ही पाच मिनिटं मिळवावीत. पण चाळीस मुलं, एक सर आणि तासाभरासाठी मिळालेला ट्रॅक असेल, तर ती पाच मिनिटं देणं अवघड जातं. दोष प्रत्येक वेळी सरांच्या ज्ञानाचाच असतो असं नाही.

कधी कारण शरीरात असतं. वयात येताना उंची, वजन, कंबर सगळं बदलतं आणि मुलींचं टायमिंग वर्ष-दोन वर्षं जागच्या जागी राहू शकतं. अशा वेळी जेवण तोडून वजन उतरवणं सगळ्यांत घातक. पाळी थांबली, सारखा थकवा येतोय, हाडं दुखतायत, तर आधी डॉक्टर. कोचचा प्रश्न नंतर. अनेक जण याच टप्प्यावर धावणं सोडतात.

[दृश्य : पडद्यावर एकामागून एक आकडे]

कोच बदलल्यावर काय होतं? पुन्हा बोल्टकडे जाऊ. २००४ साली, १७ वर्षांचा असताना, तो २०० मीटर १९.९३ सेकंदांत धावला आणि ज्युनियर विश्वविक्रम झाला. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुखऱ्या पायाने पहिल्याच फेरीत बाहेर पडला. वर्ष सरताना तो कोच फिट्झ कोलमन यांच्याकडून ग्लेन मिल्स यांच्याकडे गेला. त्याच्या पाठीच्या कण्याला जन्मजात बाक होता, तो ओळखून कंबर आणि पोटाच्या स्नायूंवर काम झालं, धावण्याची ढब बदलली.

आता २०० मीटरचे आकडे. २००५ : १९.९९. नवे कोच, आख्खं वर्ष, आणि टायमिंग आधीपेक्षा मागे. हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये दुखापत होऊन तो आठवा आला. २००६ : १९.८८. २००७ : १९.७५. त्यानंतर २००८ मध्ये बीजिंगला १९.३० आणि २००९ मध्ये बर्लिनला १९.१९. पहिल्या हंगामाच्या शेवटी कुणी हिशेब मांडला असता, तर कोच बदलणं फसलं असंच म्हटलं असतं.

जमैकाची स्प्रिंटर शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसची गोष्ट याहून गुंतागुंतीची. २०१२ मध्ये ती १०० मीटर १०.७० सेकंदांत धावली आणि पुढे नऊ वर्षं तो आकडा हलला नाही. पण याच काळात, जुने कोच स्टीफन फ्रान्सिस यांच्याच हाताखाली, तिने २०१३, २०१५ आणि २०१९ अशी १०० मीटरची तीन जागतिक सुवर्णपदकं जिंकली. मग २०२० मध्ये ती रेनाल्डो वॉलकॉट यांच्याकडे गेली आणि २०२१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, आधी १०.६३ आणि मग १०.६० धावली. त्याच सुमारास नव्या तंत्राचे स्पाइक्सही ट्रॅकवर आले होते, त्यामुळे सगळं श्रेय कोच बदलण्याला देता येत नाही. आणि मधल्या पदकांकडे पाहिलं तर ती नऊ वर्षं अडकलेली होती असंही म्हणवत नाही.

[दृश्य : सर आणि मुलगी, मोबाइलवर व्हिडिओ बघताना]

आमच्या पहिल्या मुलीने सर बदललेले नाहीत. तिने तुकड्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले, त्यांनी ते दोनदा मागे-पुढे करून पाहिले आणि स्टार्टचा सराव निम्म्यावर आणला. असं विचारता येतं आणि समोरचा असं ऐकून घेतो, तिथे राहावं. तेच वेळापत्रक वर्षानुवर्षं सगळ्यांना, मोजमाप नाही, दुखापत सांगितली की कानाडोळा, प्रश्न विचारला की अपमान, तिथून हंगाम संपताच निघावं. आणि जिथे नाव न सांगता गोळ्या-इंजेक्शनं दिली जातात किंवा कुणी नको तसा हात लावतं, तिथून त्याच दिवशी बाहेर पडून घरी सांगावं.

निघताना जुन्या सरांना स्वतः भेटून सांगावं. सरावाच्या आणि दुखापतींच्या नोंदी सोबत न्याव्यात. नव्या कोचनी त्या मागितल्याच नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात आपलं ठरलेलं वेळापत्रक हातात दिलं, तर तिथेच विचारावं : माझा वेळ कुठल्या टप्प्यात जातोय, ते तुम्ही कसं शोधणार?