ओंकारेश्वराला गेलात, पण संगमावर गेलात का?

नमस्कार मंडळी! इंदूरच्या रामबागेतून, घरच्याच खोलीतून बोलतेय. श्रावण तोंडावर आला की कमेंटमध्ये एकच धोशा सुरू होतो, "ताई, ओंकारेश्वराचं एकदा नीट सांगा." तर आज तेच, आणि सोबत तिथल्या नर्मदा-कावेरीच्या संगमाचंही.

सोपं ते आधी उरकते. इंदूरहून साधारण ऐंशी किलोमीटर. तेजाजी नगर, सिमरोल, भेरूघाट, चोरल, बडवाह, मग मोरटक्क्याचा पूल आणि पूल ओलांडल्यावर डावीकडे. पहाटे निघा. दुपारी नैवेद्याच्या वेळी दर्शन थांबतं, ते धरून चला. मंदिर नर्मदेतल्या बेटावर आहे, तिथल्या पुलावरून चालत जा नाहीतर नावेतून. झालं. हे सगळ्यांनाच माहीत असतं.

आता मुद्द्याचं. मागच्या व्हिडिओखाली एका काकूंनी लिहिलं होतं, "मंदिरासमोरच्या घाटावर संगमस्नान केलं, फार प्रसन्न वाटलं." काकू, स्नान झालं, नर्मदेचं झालं, पुण्य कुठे जात नाही. पण तो संगम नव्हे! आणि हे एकट्या काकूंचं नाही. निम्मी माणसं त्याच घाटावर बाटली भरतात आणि घरी देव्हाऱ्यात "संगमाचं पाणी" म्हणून ठेवतात. माझ्या पुण्याच्या मावशीला तर एका नावाड्याने पुलाखाली नाव थांबवून "यही संगम है माताजी" असं सांगितलं आणि पैसे घेतले. मला त्याचा फार राग आला. म्हातारं माणूस इतक्या लांबून श्रद्धेने येतं, त्याला अर्ध्या वाटेत थांबवायचं?

म्हणून नीट समजून घ्या. (पडद्यावर नकाशा)

नर्मदा पूर्वेकडून येते. मांधाता बेटापाशी तिचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा फाटा म्हणजे नर्मदा. तो खोल आहे, त्यात नावा चालतात, त्यावर पूल आहेत. उत्तरेकडून बेटाला वळसा घालतो त्या खडकाळ फाट्याला कावेरी म्हणतात. हो, कावेरीच, पण दक्षिण भारतातली नाही, ही आपल्या निमाडातली. ही छोटी नदी थोडं वरच्या अंगाला दक्षिण काठाने नर्मदेला मिळते. श्रद्धा अशी की ती नर्मदेत मिसळतच नाही. न मिसळता आरपार पलीकडे जाते, उत्तरेकडून बेटाला वळसा घालते आणि बेटाच्या पश्चिम टोकाला नर्मदेला पुन्हा भेटते. तो संगम. पश्चिम टोकाला! मंदिर आहे बेटाच्या दक्षिण अंगाला.

नकाशा कळत नसेल त्यांच्यासाठी दुसऱ्या तऱ्हेने सांगते. मंदिराखालच्या घाटावर नदीकडे तोंड करून उभे राहा. समोर पलीकडच्या काठावर ममलेश्वराची बाजू दिसेल. पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय. डावीकडे वर धरण. उजवीकडे, पाणी जातंय तिकडे संगम. तुम्ही उभे आहात तिथे एकच नदी आहे, मग संगम कसा असेल?

आणि चालणाऱ्यांसाठी तर सगळ्यात सोपं. बेटाची परिक्रमा साधारण सात किलोमीटरची. मंदिरापासून निघा, बेट उजव्या हाताला ठेवा. वाटेत गीतेचे श्लोक लिहिलेल्या शिळा लागतात, खेडापती हनुमान लागतो, आणि मग ऋणमुक्तेश्वर. तिथे लोक कर्जातून सुटका व्हावी म्हणून हरभऱ्याची डाळ वाहतात. ऋणमुक्तेश्वर आलं म्हणजे संगम आला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नाव करावी, पण नावाड्याला नुसतं "संगम" म्हणू नका. "ऋणमुक्तेश्वरापर्यंत न्या" म्हणा, आणि बसण्याआधी म्हणा.

तिथे पोचलात की दहा मिनिटं खडकावर बसा. मी माघात गेले होते तेव्हा कावेरीच्या बाजूचं पाणी गुडघाभरही नव्हतं. दगडांच्या फटींतून खळखळत येत होतं, तळाचे गोटे दिसत होते. दोन पावलं पुढे नर्मदेचं पाणी गडद हिरवं, वर शांत. पाण्यात हात धरला तर बोटांना दोन बाजूंनी ओढ लागते. ते तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

पण त्या शांत पाण्याला भुलू नका. वर ओंकारेश्वर धरण आहे, २००७ पासून तिथे वीज तयार होते. पाणी सोडलं की पातळी भराभर चढते. भोंगा वाजला की कपडे, पूजेचं ताट तिथेच टाकायचं आणि वर यायचं. देवास जिल्ह्यातल्या धाराजीला एप्रिल २००५ मध्ये भूतडी अमावस्येच्या जत्रेत इंदिरा सागरच्या धरणातून आलेल्या पाण्यात कितीतरी भाविक वाहून गेले. आपल्या माळव्यातले जुने लोक अजून त्याबद्दल बोलताना थांबतात. मुलांचा हात सोडू नका.

आता श्रावणाचं. "पहिल्या सोमवारी गर्दी असेल का?" अहो, कुणाचा पहिला सोमवार? इथल्या हिंदी लोकांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला दिव्याच्या अवसेनंतर. म्हणजे आपला पहिला सोमवार येतो तेव्हा त्यांचा अर्धा श्रावण सरलेला असतो आणि कावडियांची गर्दी भरात असते. राखी झाली की त्यांचा भाद्रपद लागतो, आपला श्रावण मात्र पोळ्यापर्यंत चालतो. आपल्या त्या शेवटच्या पंधरवड्यात जा, तुलनेने निवांत दर्शन होईल. उज्जैनला महाकालाची सवारी राखीनंतरही निघते, ती याच मराठी परंपरेमुळे.

आणि ममलेश्वर! हात जोडून सांगते, ते चुकवू नका. ओंकारेश्वर आणि ममलेश्वर मिळून एक ज्योतिर्लिंग, अशी परंपरा आहे. ते दक्षिण काठावर आहे, पूल ओलांडायच्या आधीच लागतं, तरी लोक परतीच्या घाईत बाहेरूनच नमस्कार करतात. तिथल्या भिंतीवर १०६३ सालचे शिलालेख आहेत. त्यात हलायुध स्तोत्र आहे आणि शिवमहिम्न स्तोत्राचे ३१ श्लोकही कोरलेले आहेत. आमच्या घरी आजोबा सोमवारी अभिषेकाला जे महिम्न म्हणायचे, ते साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथे दगडात कोरून ठेवलंय. मी त्या अक्षरांसमोर उभी होते तेव्हा "महिम्नः पारं ते" आपोआप तोंडात आलं. मातीची शिवलिंगं करून त्यांची पूजा करायची इथली परंपरा अहिल्यामातेशी जोडलेली आहे. होळकरांच्या गावातले आपण, आपल्यालाच हे माहीत नसावं?

एका दादांनी विचारलंय, "नर्मदा परिक्रमा उचलली आहे, बेटावर जाऊन ओंकारेश्वराचं दर्शन घेऊ का?" नाही दादा. परिक्रमेत मैय्या ओलांडायची नसते आणि बेटावर जायचं म्हणजे पात्र ओलांडणं आलंच. दक्षिण काठावर असाल तर ममलेश्वराचं दर्शन घ्या. ओंकारेश्वराला जल वाहायचं ते परिक्रमा पूर्ण झाल्यावर. रात्री शयन आरतीनंतर देवापुढे सारीपाट मांडतात, शिवपार्वती खेळतात म्हणून. तुमची परिक्रमा पुरी होईल तेव्हा त्या रात्री मुक्काम करा.

शेवटचं, आणि हे खास इंदूरकरांसाठी. संगमावर लोक जुने फोटो, प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य, अंगावरचे कपडे सोडून येतात. मला बघवत नाही. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून उचलतात, मंडलेश्वराजवळून. जलूद ओंकारेश्वराच्या खालच्या अंगाला आहे. संगमावर सोडलेलं तिकडेच वाहत जातं आणि तेच पाणी उपसून आपल्या टाकीत येतं. फुलं वाहायची तर ओंजळभर वाहा, पिशवी परत आणा.

परिक्रमेचा नकाशा खाली वर्णनात दिलाय. पावसात निघणार असाल तर आदल्या दिवशी मोरटक्क्याच्या पुलाची चौकशी करा. नर्मदेला पूर आला की तो बंद ठेवतात, आणि बडवाहहून गाडी परत फिरवावी लागते. नर्मदे हर!