पुण्याचा संघ दिल्लीला गेला, व्हाया हैदराबाद

(दृश्य: शाहू स्टेडियम, भर दुपार. सज्जात जागा धरण्याची गडबड. दूरवरून हलगी.)

चारची मॅच आहे आणि तीनलाच सज्जा निम्मा भरलाय. कुणी रुमाल टाकून जागा धरलीय, कुणी धाकट्या भावालाच आडवं बसवून ठेवलंय. भिंतीपलीकडं हलगी कडाडली की न बघता सांगता येतं, कुठल्या पेठेची पोरं आली.

हे कोल्हापूर. इथं तालमीत लाल माती असते आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ असतो. पाटाकडील (म्हणजे पीटीएम), दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. बाहेरच्या माणसाला ही नावं सांगितली तर तो म्हणेल, कुस्त्यांचं मैदान दिसतंय. त्यात प्रॅक्टिस क्लब हे एक नाव इंग्रजी. ते कसं आलं हे सज्जात कुणाला विचारू नका. विचारलंत तर मॅच बघायची राहील.

आज मात्र आपण या लीगबद्दल बोलणार नाही. म्हणजे बोलणारच, पण वळसा घालून. विषय आहे देशातल्या मोठ्या लीगचा, इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा. पैसे पुरेनात, मालक थकले, तर लीगनं काय करायचं? संघ कमी करायचे? की ज्या शहरात नवा मालक मिळेल तिकडं संघ उचलून न्यायचा?

(दृश्य: मोटारसायकलच्या सीटवर पडलेलं नारिंगी फडकं. कॅमेरा जवळ जातो. फडक्यावर अर्धवट घोडा दिसतो.)

हे फडकं एकेकाळी माझा टी-शर्ट होता. एफसी पुणे सिटीचा. आता आई यानं गाडी पुसायला लावते. घोड्याचं तोंड तेवढं शाबूत आहे.

२०१४ साली आयएसएल आठ संघांनी सुरू झाली, त्यात पुणे होतं. कोल्हापूरहून बालेवाडी म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पण आम्हाला ते लांब वाटलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवरच्या लीगमध्ये आपल्या बाजूचा म्हणावा असा संघ आला होता. मार्च २०१८ मध्ये तो पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला, तेव्हा आम्ही चौघं एका गाडीतून निघालो. समोर बंगळुरू. मॅच शून्य-शून्य सुटली. नव्वद मिनिटांत एक गोल नाही, तरी परत येताना कराडपर्यंत आमचा घसा चालू होता. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि विषय संपला.

आम्हाला वाटलं, मॅचचा विषय संपला. दीड वर्षानं कळलं, संघाचाच संपला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. कागदावर तो नवा क्लब. पण लीगमधली खुर्ची तीच, आणि कितीतरी खेळाडूही तेच. आदिल खान तिकडं, निखिल पुजारी तिकडं, मार्सेलिन्हो तिकडं. आमच्या टी-शर्टावरचा घोडा मात्र इकडंच राहिला.

त्याच महिन्यात दिल्लीचा डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे एका महिन्यात दोन शहरांची नावं लीगच्या तक्त्यावरून पुसली आणि दोन नवी लिहिली. संघ दहाचे दहाच. टीव्हीवर बघणाऱ्याला काही कमी झाल्यासारखं वाटलंच नाही. हलवाहलवीची खरी सोय हीच असते. हिशेब बिघडत नाही.

(दृश्य: गंगावेशचा दूध कट्टा, रात्र. धारोष्ण दुधाचे पेले. आवाज अस्पष्ट, हसणं.)

कट्ट्यावर त्या दिवसांत एकच चर्चा. एक जण म्हणाला, "हैदराबादला कशाला दिला? आमच्याकडं द्यायचा की! स्टेडियम भरून दाखवलं असतं." दुसरा म्हणाला, "भरलं असतंस रं, पण निम्मं पीटीएमचं आणि निम्मं दिलबहारचं. एकाच संघाला दोघं मिळून ओरडला असता काय?" यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विषय म्हशींवर गेला.

त्या दुसऱ्याचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. कोल्हापुरात फुटबॉलवर प्रेम आहे ते ईर्षेतून आलेलं. ईर्षा हा इथं वाईट शब्द नाही. समोरच्या पेठेला हरवायचं, आणि हरवल्यावर तिच्याच चौकात डिजिटल बोर्ड लावायचा. त्याला वर्गणी निघते, दुकानदार देतात, पुढारी देतात, परदेशातून खेळाडूसुद्धा आणले जातात. हे सगळं ज्या संघासाठी होतं तो उद्या सांगलीला हलवला तर? हा प्रश्न मी एका जुन्या समर्थकाला विचारला. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "म्हणजे सांगलीला मॅच हाय काय?"

हैदराबादची गोष्ट पुढं वेगळ्याच वळणावर गेली. पहिल्या हंगामात १८ सामन्यांत दोन विजय, तळाचा क्रमांक. मग कोरोना आला. लीग दोन हंगाम सगळीच्या सगळी गोव्यात, जवळपास पूर्ण बंद दाराआड. आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सला टायब्रेकरवर हरवून हैदराबाद विजेता झाला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीनं त्या रात्री टायब्रेकरमध्ये फटके अडवले, ते बघताना मी खुर्चीवर उभा होतो.

का उभा होतो? कारण त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा कोल्हापूरचा मुलगा, २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला. आता गंमत बघा. पुण्याहून उचललेली खुर्ची, कोल्हापूरचा पोरगा, करंडक हैदराबादचा, आणि ज्या हंगामात करंडक आला त्यात हैदराबादच्या मैदानावर एकही सामना झाला नाही. ज्या शहराच्या नावानं संघ जिंकला त्या शहरानं तो टीव्हीवर बघितला. आम्हीही टीव्हीवरच बघितला. त्या रात्री तो संघ जितका त्यांचा होता, जवळपास तितकाच आमचा.

हलवण्याच्या बाजूनं बोलणारे हाच करंडक पुढं करतात. तीन वर्षांत विजेतेपद. पुण्यात पाच हंगामांत एकदा उपांत्य फेरी. हे खरं आहे, मान्य केलं पाहिजे. पुण्यात रिकाम्या खुर्च्याही मी डोळ्यांनी बघितल्यात. पण पुढचं पानही उलटा. २०२३-२४ मध्ये पैशाचा प्रश्न हैदराबादलाही आला. २२ सामन्यांत एक विजय. परत तळाला. २०२५ मध्ये ती खुर्ची पुन्हा उचलली गेली आणि यावेळी दिल्लीला. नाव, स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला होता. पुण्याचा हैदराबादमार्गे दिल्लीला आला. बदलीवर असलेल्या सरकारी कारकुनाचं बिऱ्हाड तरी एका जागी जास्त टिकतं.

(दृश्य: रिकामं मैदान. गोलपोस्टला लटकणारी फाटकी जाळी. शांतता.)

जगात हा प्रयोग इतरांनीही केलाय. लंडनचा विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्स या गावी गेला. समर्थकांनी वाट बघितली नाही, २००२ मध्येच एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला. २०२० मध्ये प्लाऊ लेनला, जुन्या गल्लीत परत आला. दक्षिण कोरियात आन्यांगचा संघ २००४ मध्ये सोलला नेला, तिथं लोकांनी २०१३ मध्ये नवा संघ उभारला आणि २०२५ मध्ये तो पहिल्या श्रेणीत सोलच्याच संघासमोर उभा राहिला. एकवीस वर्षं धरून ठेवलेला राग. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि संघ कापणं? अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरनं २००२ च्या जानेवारीत फ्लोरिडातले दोन संघ बंद केले, टॅम्पा बे आणि मायामी. बारावरून दहावर आले. त्यातला मायामी आदल्या हंगामात साखळीत अव्वल होता! पहिल्या नंबरच्या पोराला शाळेतून काढण्यासारखं ते झालं. पण लीग वाचली. आज तिथं ३० संघ आहेत, मायामीला २०२० मध्ये नवा संघ मिळाला आणि मेस्सी त्याच संघात आला. जागा रिकामी होती म्हणून नवं काही उगवलं.

आपल्याकडं संघ बंद पडणं नवीन नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये, फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. गोव्यातल्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंगनं २०१६ मध्ये आय-लीग ही देशातली जुनी लीग सोडली. पुण्यात तर पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि पुणे सिटी, एवढे चार व्यावसायिक संघ होऊन गेले. आज या राज्याचा आयएसएलमध्ये एकच संघ आहे, मुंबई सिटी. त्यातूनही मँचेस्टर सिटीचे मालक २०२५ च्या अखेरीला बाहेर पडले.

का पडले, हे समजायला फार अर्थशास्त्र लागत नाही. लीग चालवणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या निविदेला एकही बोली आली नाही. सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम २०२६ च्या फेब्रुवारीवर गेला, आणि तोही अर्धा: १४ संघ, एकमेकांशी एकदाच गाठ, ९१ सामने. खेळाडू महिनोन्‌महिने घरी बसून होते. अशा वेळी कुणी म्हणालं, १४ संघ कशाला, १० करा, तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

माझं मत विचाराल तर कमी करा. पण गुणतक्ता बघून कमी करा. आयएसएल सुरू झाल्यापासून पहिली दहा-अकरा वर्षं तळाचा संघ खाली गेलाच नाही. २२ पैकी एक सामना जिंकलेला हैदराबाद पुढच्या हंगामात त्याच लीगमध्ये, त्याच खुर्चीवर. वर यायची वाट मात्र २०२३ पासून उघडली. खालची आय-लीग जिंकून पंजाब आला, मग मोहम्मेडन, मग इंटर काशी. दार आत उघडत होतं, बाहेर उघडत नव्हतं. मग गर्दी होणार, खर्च होणार आणि कुणालातरी मागच्या खिडकीतून दुसऱ्या शहरात ढकलावं लागणार.

आमच्या केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या गटात जातो. तेव्हा पेठेत आठवडाभर सुतक असतं. कोचला शिव्या बसतात, कार्यकर्त्यांच्या बैठका रात्री दोनपर्यंत चालतात, वर्गणीचा आकडा वाढतो. पण तालीम जागेवर असते. पोरं तीच असतात, पुढच्या वर्षी वर येण्याच्या खुमखुमीनं खेळतात. खाली जाणं ही शिक्षा आहे आणि शिक्षा भोगून परत येता येतं. गाव बदललेल्या संघानं परत यायचं कुठं?

आता कुणी म्हणेल, तालमीचं कौतुक पुरे. बरोबर आहे. वर्गणीवर व्यावसायिक लीग चालत नाही. खेळाडूला बारा महिने पगार, फिजिओ, विमानाची तिकिटं, कनिष्ठ संघ, अकादमी, हे हलगीच्या जोरावर होत नसतं. आणि ईर्षेला दुसरी बाजू आहेच. इथं मैदानातली हुल्लडबाजी रस्त्यावर आलीय, हाणामाऱ्या झाल्यात, सामने थांबवायची वेळ आलीय. सज्जात पोलीस उभे असतात ते मॅच बघायला नव्हे. मी स्वतः एकदा चप्पल हातात घेऊन स्टेडियमच्या बाहेर पळालोय. एकच चप्पल. दुसरी सापडली नाही.

म्हणून तालमीची नक्कल आयएसएलनं करावी असं मी म्हणत नाही. मालक बदला, पगाराला मर्यादा घाला, दोन-चार हंगाम लहान लीग चालवा. फक्त ज्या शहराचं नाव छातीवर घातलंय ते विकायला काढू नका. संघ बंद झाला तर निदान त्या नावाची जागा मोकळी राहते, चार वेडे गोळा होऊन ती परत भरू शकतात. पुण्यात अजून कुणी भरलेली नाही.

(दृश्य: घरातला टीव्ही. दिल्लीच्या संघाचा सामना. खिडकीतून बाहेरचे आवाज.)

परवा दिल्लीच्या संघाची मॅच लावली. पुण्याचं काही सापडतं का बघत होतो. एखादा खेळाडू, एखादा रंग. शेजारी बसलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, तू दिल्लीवाला आहेस?"

मी म्हटलं, नाही.

"मग हैदराबादवाला?"

तेवढ्यात खालून कुणीतरी शीळ घातली. चारची मॅच होती, पाटाकडील विरुद्ध दिलबहार. भाच्यानं टीव्ही बंद केला, मी आईकडून ते नारिंगी फडकं मागून सीट पुसली आणि आम्ही निघालो.

(दृश्य: मोटारसायकल गल्लीतून वळते. हलगीचा आवाज वाढत जातो.)